नेहमीची शिवी

थोरलीने आईच्या तोंडावर मास्क चढवला, नाकावरची पट्टी चिमटून नीट बसवली आणि दोऱ्या कानामागे अडकवता अडकवता हळू आवाजात म्हणाली,

"काचेपाशी गेलीस की नेहमीसारखं बोलायचं. पहिल्यांदा शिवीच घाल. त्याला काहीएक कळता कामा नये."

आईने मान हलवली. मान हलवायला काय लागतं! धाकट्याला या इस्पितळात आणल्यापासून ती नुसती मानच हलवत होती. जिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा बाजूला ठेवून ऐकत बसायचा, त्या बाईची दातखीळ बसली होती.

त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. नवरा कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा. टाके घालायचं काम हिचं. वीतभर लांब सुई गादीतून आरपार काढायची, दोरा ओढायचा आणि ओढता ओढता कुणाला तरी झोडपायचं. नवरा इतका अबोल, की नवीन गिऱ्हाइकाला तो बहिरा वाटे. दोघांच्या वाटणीचं ती एकटी बोलायची, आणि तिच्या बोलण्यात एक शिवी मिठासारखी सगळीकडे असायची. प्लेग येवो. दोरा तुटला, प्लेग येवो त्या दोऱ्याला. नळाचं पाणी गेलं, प्लेग येवो नळाला आणि नळ बसवणाऱ्याला. उधारी बुडवणाऱ्याच्या तर सात पिढ्यांना प्लेग येऊन गेला होता. हा शब्द तिला तिच्या आईकडून मिळाला होता, आईला तिच्या आईकडून. तो रोग यांच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. प्लेग म्हणजे नक्की काय गं, असं कुणी विचारलं असतं तर तिने विचारणाऱ्यालाच प्लेग दिला असता.

सगळ्यात जास्त वाट्याला यायचा तो धाकट्याच्या. "ऊठ मेल्या, प्लेग येवो तुला," हे ऐकल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नसे. लहानपणी ताप आला की ती उशाशी बसून पट्ट्या बदलायची आणि त्याला, तापाला, वैद्याला, सगळ्यांना एका दमात शिव्या घालायची. दोन दिवसांनी पोरगा उठून पळत सुटायचा. त्याला तिचं हे बोलणं इतकं अंगवळणी पडलं होतं, की चारचौघांत तिने तोंड आवरलं तर हाच विचारायचा, आई, बरं नाही का तुला?

आणि मग तो दिवस. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून धान्याचं गोदाम होतं. तिकडून मेलेले उंदीर कापसाच्या गठ्ठ्यांत सापडायला लागले होते. धाकटा त्यांना शेपटीला धरून बाहेर फेकायचा. एका सकाळी तो बाही वर करून आईपुढे आला. काखेत गाठ आली होती, सुपारीएवढी, आणि अंग तापलं होतं.

"घे," तो म्हणाला, "आला बघ तुझा प्लेग. किती वर्षं बोलावत होतीस."

सगळे हसले. नवरासुद्धा हसला, जो वर्षातून दोनदा हसायचा. ती तर सुई खाली ठेवून हसली आणि म्हणाली, आला का, मग त्याला म्हणावं बस, आणि तू कामाला लाग. गाठीवर शेक दिला. कुणाच्या मनातही आलं नाही. तो शब्द घरात इतका फिरला होता, की त्याला काही अर्थ असेल हेच सगळे विसरले होते. गाठ लिंबाएवढी झाली आणि धाकटा तापात बडबडायला लागला, तेव्हा थोरली सासरहून धावत आली आणि तिने त्याला उचलून इस्पितळात आणलं.

डॉक्टर तरुण होता. तपासण्या आल्या तसा तो कागदाकडे बघत म्हणाला, "प्लेग आहे." ना चिडून, ना ओरडून, पाणी तापलंय म्हणावं इतक्या साध्या आवाजात. गादीवालीने तो शब्द असा कधी ऐकलाच नव्हता. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणाला बोलला म्हणून. मग खाली बसली. यावर औषध आहे, डॉक्टर सांगत होता, वेळेवर मिळालं तर माणूस उठतो. तुम्ही फार उशीर केलात. का केलात, असं त्याने विचारलं. काय सांगणार, हसत होतो म्हणून?

त्यानंतर फवारणीवाले आले, दुकानातला सगळा कापूस मागच्या मैदानात नेऊन जाळला. घरच्यांना गोळ्या दिल्या. ती गोळी गिळायची, मान हलवायची, बसून राहायची. एकदाच बोलली, नवऱ्यापाशी.

"माझ्याच तोंडाने आलाय हा."

"अगं, बोलून रोग येत असता तर हा पाळण्यातच गेला असता," नवरा म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं. पण तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही रात्री झोप लागत नव्हती.

आज सकाळी डॉक्टरने तिघांना बाजूला घेतलं. रोग फुप्फुसात उतरला होता. उद्याचा दिवस दिसेल असं वाटत नाही, तो म्हणाला. एकेकाने काचेपाशी जाऊन भेटून घ्या, पण त्याचा धीर खचेल असं काही बोलू नका. धाकट्याला वाटत होतं की आता उतार पडतोय. तो बाहेर पडल्यावर नवीन कापूस कुठून आणायचा याचे बेत करत होता. बाबा आधी जाऊन आले, कापसाबद्दल हो हो म्हणून आले आणि बाकावर येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. थोरली जाऊन आली. तिला धाकट्याने विचारलं होतं, आई का येत नाही? घरी तोंड मिटत नव्हतं तिचं, इथे काचेपाशीसुद्धा फिरकत नाही. तुम्ही माझ्यापासून काही लपवताय का?

म्हणून आता आईला जायचं होतं, आणि बोलायचं होतं. ती गप्प राहिली असती तर त्याला कळलं असतं. त्याची शेवटची रात्र भीतीत जाऊ नये, एवढं तरी तिच्या हातात होतं.

बाकापासून काच चार पावलांवर होती. चालता चालता तिने मास्कच्या आत ओठ हलवून पाहिले. मेल्या. हा शब्द तिने जन्मात कितीदा उच्चारला असेल, आणि आज तो कसला भयंकर शब्द आहे हे तिला कळलं. पुढचा तर तिच्या घशाशीही येईना.

काचेच्या बाजूला भिंतीत एक डबा होता. बटण दाबून आपण बोललं की आत ऐकू जायचं, आणि आतला माणूस बोलला की डब्यातून आवाज यायचा. हळू बोलला तर काचेपाशी उभ्या असलेल्यालाच, जोरात बोलला तर बाकापर्यंत. धाकटा पलंगावर उशांना टेकून बसवलेला होता. नाकातोंडावर प्राणवायूची वाटी. आईला पाहताच त्याचे डोळे हसले. त्याने वाटी जराशी बाजूला केली.

"आलीस? कर सुरू. बरंच साचलं असेल."

तिने बटण दाबलं. तो वाट बघत होता. पोराचा चेहरा केवढासा झाला होता. पांघरूण सरकून त्याचे पाय उघडे पडले होते आणि नखं निळी दिसत होती. लहानपणीही तो असाच पाय बाहेर टाकून झोपायचा, आणि ती पांघरूण ओढता ओढता बोल लावायची. तिने सगळं अवसान गोळा केलं. तोंड उघडलं.

"पाय झाकून घे, राजा," ती मास्कच्या आतून पुटपुटली.

तिचं तिलाच कळायला एक क्षण लागला. मग तिने घाईघाईने पुन्हा बटण दाबलं, मेल्या म्हणायला, पण त्या शब्दाच्या जागी नुसता हुंदका गेला आत.

धाकट्याने पाय आत ओढून घेतले. सांगितल्याबरोबर, एकदाच सांगितल्यावर, असं त्याने आयुष्यात केलं नव्हतं. तो बराच वेळ पांघरुणाकडे बघत राहिला. डोळ्यांतलं हसू गेलं होतं. छाती वरखाली होत होती, आणि ओठ एकदा थरथरले, लहान मुलाचे थरथरतात तसे. तिने काचेवर दोन्ही हात टेकले. आता काय बोलून तो शब्द परत घेणार होती ती?

"असं आहे होय," तो अगदी हळू म्हणाला. मग, "बाबा बाहेर आहेत?"

तिने मान हलवली.

"बाबांना वाटतंय, मला माहीत नाही?"

तिने पुन्हा मान हलवली.

त्याने डोळे मिटले. वाटी तोंडावर धरून दोनतीन श्वास घेतले, जड काहीतरी उचलायच्या आधी माणूस घेतो तसे. मग वाटी पार हनुवटीखाली ओढली, उशीवरून उठून पुढे झुकला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला,

"अगं आई, बास की आता! आजारी माणसाला एवढं बोलतात का? थांब, घरी आलो की बघतो तुझ्याकडे!"

पुढचं खोकल्यात गेलं. आतली परिचारिका धावत आली, तिने त्याला मागे टेकवून वाटी तोंडावर दाबली. तिच्या खांद्यावरून तो आईकडेच बघत होता. त्याने एक बोट उचलून वाटीवर आडवं ठेवलं. गप्प.

मागे बाकावर गादीवाला हसला. हसता हसता त्याचा आवाज फुटला, पण हसलाच तो.

"ऐकलंस?" तो थोरलीला म्हणत होता. "बोलली एकदाची. त्याला काही कळलेलं नाही. बरं झालं गं, फार बरं झालं."

गादीवालीने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे कोरडे केले, आणि मगच ती त्यांच्याकडे वळली.