जिथे बोट अडखळतं

दोऱ्याला बांधलेलं नाणं तिने तराजूवरच्या पेल्यात सोडलं, तळाला टेकू न देता तसंच पाण्यात लोंबतं धरलं आणि आकडे स्थिर व्हायची वाट पाहिली. तिसऱ्यांदा. पुन्हा तेच आलं, अडीचच्या जरा वर. चांदी.

हे मामाचं नाणं. परवा टपालाने आलं. मामा गेल्यावर मामीने जुन्या शर्टाच्या चिंधीत बांधून पाठवलं होतं, सोबत चिठ्ठी नाही.

मग तिने मखमलीच्या डबीतलं वडिलांचं नाणं काढलं. तेही तसंच, जुन्या स्पॅनिश वसाहतींतलं, राजाचं डोकं असलेलं. वडील नाणी पारखायचे. त्यांच्यामागे टेबल, भिंग आणि हे नाणं तिच्याकडे आलं. कुणीही स्पॅनिश नाणं आणलं की ह्याच्या शेजारी ठेवायचं आणि जुळतं का बघायचं. ह्याला स्वतःला कुणी कधी पारखलं नव्हतं. देवाला कोण विचारतो, तू खरा का म्हणून?

तेही तिने तसंच पाण्यात लोंबतं धरलं. आकडा तीनच्या वर गेला. तेवढ्याच वजनाची चांदी इतकं पाणी हलवत नाही.

तिने भिंग घेऊन दोन्हींच्या कडा पाहिल्या. गोल, चौकोन, गोल, चौकोन अशी नक्षी. टाकसाळीत ती दोन पट्ट्यांमध्ये दाबून उमटवत, त्यामुळे समोरासमोर दोन जागी नक्षीवर नक्षी चढते. वडिलांना तो दोष वाटायचा. ओतणाऱ्याचा हात हलला, म्हणायचे. मामाच्या नाण्यावर त्या दोन्ही जागा होत्या. वडिलांच्या नाण्याची कड सगळीकडून सारखी. खोटं पाडणाऱ्याने टाकसाळीपेक्षा नीट काम केलं होतं, बिचाऱ्याने.

गेल्या नऊ वर्षांत तिने स्वतः किती जणांना, ह्याच्याशी जुळत नाही म्हणून, मान हलवून परत पाठवलं होतं. एक शिक्षिका तर ह्याच खुर्चीत रडली होती. तिला पाणीही हिनेच दिलं होतं.

आई खिडकीशी बसून जुना स्वेटर उसवत होती.

एकतीस वर्षांपूर्वी मामा हे नाणं घेऊन ह्याच टेबलापाशी आला होता. आजोबांच्या पेटीतलं आहे, विकून अर्धे ताईला देतो, म्हणत होता. वडिलांनी दोन गिऱ्हाइकांदेखत कडेवरून नख फिरवलं आणि ओतीव आहे, खोटं आहे म्हणून ते परत सरकवलं. मामा हसत म्हणाला होता, भावोजी, तुमच्या नाण्याची पारख कुणी केली ते तरी सांगा. तेव्हा आई आतून बाहेर आली. टेबलाकडे न बघताच तिने भावाला विचारलं, बाबांचं खरं नाणं कुठे लपवलंस. मामाने नाणं खिशात टाकलं. त्यानंतर तो आला नाही आणि आई गेली नाही. तो अंथरुणाला खिळला तेव्हासुद्धा नाही.

"काय म्हणतंय?" आईने लोकरीवरची नजर न काढता विचारलं.

मुलीने ओला दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडवला, पुन्हा गुंडाळला.

"खोटंच आहे, आई."

आईचे खांदे जरा खाली आले.

"वाटलंच. तुझे वडील बाकी सगळ्यात चुकायचे, नाण्यात नाही." मग तिने हात पुढे केला. "आण इकडे. भंगार का होईना, भावाचं आहे."

मुलीने नाणं पुसून दिलं. आईने चष्मा शोधला नाही. नाणं चिमटीत धरून ती उगाच अंगठा कडेवरून फिरवत राहिली. अंगठा एका जागी थांबला. पुढे सरकला. बरोबर समोर आल्यावर पुन्हा थांबला.

"एक त्याचं, एक माझं," ती म्हणाली.

"काय?"

"लहानपणी डोळे मिटून फिरवायचो आम्ही. बोट अडखळलं की ते घर. एक त्याचं, एक माझं. मेला नेहमी माझ्या घरात घुसायचा."

लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळला आणि खुर्चीखाली जाऊन थांबला. कुणी उचलला नाही.

"हेच होतं पेटीत," आई म्हणाली. "खोटं तर खोटं. पण त्याने बदललं नव्हतं."

"आई, ऐक ना..."

"मी त्या दिवशी हातात घेतलंच नाही ग."

मुलीने मखमलीची डबी मिटली आणि पुढे काय ते न सुचून पुन्हा उघडली. खिडकीशी आईने डोळे मिटले होते. नाणं दुसऱ्या हातात घेऊन ती पहिल्यापासून फिरवत होती.