खालच्या अंगाचं रान

पूर ओसरून पंधरा दिवस झाले होते. बायजाबाई रोजच्यासारख्या बकऱ्या घेऊन गायरानाच्या खालच्या अंगाला आल्या. वीतभर गाळ, त्याखाली कुजलेलं गवत. ते खाऊन दोन बकऱ्या हगवणीनं आधीच गेल्या होत्या. आता आठ उरल्या होत्या, आणि घर त्यांच्यावरच चालत होतं.

नरखेड तालुक्यातल्या या गावाचं गायरान एकच. पण वरच्या अंगाला गावाची जनावरं, खाली नदीकडे बौद्ध वस्तीची. असं कुठं लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर फाडता तरी आलं असतं.

बाई माजी सरपंच वामनरावांकडे गेल्या. संत्र्याची बाग, माणूस बोलायला गोड.

"भाऊ, गाळातून कोंब यून राहिले. आता चारलं तं मुळासकट जाईन. एक साल हे खालचं रान तसंच राहू द्या, तोवर आमची जनावरं वरतं येऊ द्या."

"रीत आहे ना वं बाई. मी एकटा काय करू?"

बाईंनी वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात जीव लागतो. खालचं रान राखायला वस्तीनं जनावरं दारात बांधली. बाईंनी वर्षभर बांधाबांधावरचा चारा कापून डोक्यावरून आणला, जाता-येता गाळावर माजलेलं गाजरगवत उपटलं.

"आई, काहून मरून राहिल्या?" सून दीक्षा विचारायची. बाई विळा उचलून पुन्हा निघायच्या.

पुढच्या श्रावणात त्याच गाळावर गुडघाभर गवत उभं राहिलं. वरचं रान मात्र चरून चरून उघडं पडलं होतं. एका सकाळी बाई बकऱ्या घेऊन तिथं आल्या, तोच गावाची गुरं खाली उतरली, मागून वामनराव.

"गायरान साऱ्यांचंच आहे वं, बायजाबाई," ते हसून म्हणाले.

बाईंना संताप आला. पण भुकेल्या गाईला काठी मारवेना.

"साऱ्यांचंच आहे, भाऊ. मी कधी नाही म्हटलं?"

त्यांनी आपल्या आठ बकऱ्या वळवल्या आणि गुरांमधून वाट काढत वर चढू लागल्या.

"अवं, तिथं खायले काय आहे आता?"

"काहीच नाही. आज चाराले नाही चालली मी. उभी राहाले चालली."

वामनरावांनी रीत सांगायला तोंड उघडलं. त्यांचीच गाय शेजारी मचामचा खात होती.

बाई वर जाऊन उघड्या जमिनीवर टेकल्या. पाय दुखत होते. "उद्या बी येईन," त्या तिथूनच म्हणाल्या.