सोंगाडी खरंच पडली तेव्हा

माझ्या भाचीला अख्खा संघ ‘सोंगाडी’ म्हणतो आणि त्यात काही खोटं नाही. गोलजवळ कुणाचा नुसता वारा लागला तरी ती कोसळते, पाय धरून लोळते आणि पेनल्टी मिळाली की टुणकन उठते. मी संघाची फिजिओ. सख्खी मावशी असले तरी तिच्या लोळण्याला मी कधी भीक घातली नाही. पडायचं कसं, हे मात्र मीच शिकवलं. आधी हात टेकायचे, मग खांदा.

उपांत्य सामन्यात ती पडली तेव्हा जवळ कुणीच नव्हतं. प्रेक्षक हसले. तिच्याच संघातली एक म्हणाली, “झालं हिचं सुरू!” पंचांनी खिशातून पिवळं कार्ड काढलं.

पण तिचे हात पुढे आले नव्हते. ती सरळ तोंडावर आपटली होती.

पंचांनी बोलावल्याशिवाय फिजिओनं मैदानात जायचं नाही, असा नियम आहे. नियम गेला खड्ड्यात. मी बॅग उचलून धावले. तिची नाडी लागेना.

“बाहेर व्हा! तुम्हालाही कार्ड देईन!”

“खुशाल द्या. आधी इथे बसा आणि छाती दाबा. हिचं हृदय थांबलंय.”

पंचांच्या तोंडचं पाणी पळालं, पण बसले बिचारे. मी मोजत होते, ते दाबत होते. कॅप्टननं अँब्युलन्सला फोन लावला. मी जर्सी कापून बॅगेतल्या शॉकच्या मशीनच्या पट्ट्या चिकटवल्या. पहिला झटका फुकट गेला. ती परत येणार, याची मला खात्री होती. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या झटक्याआधी ती खात्री जरा डगमगली. मग पोरीनं श्वास घेतला.

हृदयाचा स्नायू जन्मापासूनच जाड, असं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्पर्धेतला खेळ कायमचा बंद. माझ्या बहिणीला ते सांगवेना, म्हणून मी सांगितलं. एका दमात, आडपडदा न ठेवता.

“मला दुसरं काही येत नाही, मावशी. मग माझं उरलं काय?”

“तू उरलीस.”

त्यावर ती जी भडकली! कशाला वाचवलंस, चालती हो इथून, असं सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडायला लागली. नर्स तिला गप्प करायला धावत आली. मी तिला दारातच अडवलं.

“ओरडू द्या हो,” म्हटलं, “मला ऐकायचंय.”