अध्यक्षांचा पुतळा

“पेट्रोलचा एक डबासुद्धा मागे ठेवू नकोस, वचन दे,” आई तिला म्हणाली होती. समुद्रावरून एकटीने उडणारी ती पहिलीच मुलगी. पण विमानात तिच्या मागे उड्डाण क्लबच्या अध्यक्षांचा पितळी अर्धपुतळा ऐटीत बसला होता, समुद्रापलीकडच्या क्लबला भेट म्हणून. वजन जुळवायला पेट्रोलचे दोन डबे उतरवले होते. किनारा गाठायचं काम देवावर सोपवलं होतं.

“बाईमाणसाला विमान कशाला, असं मी कधीच म्हणालो नाही!” निरोपाच्या भाषणात अध्यक्षांची छाती फुगली.

ती विमानातल्या पुतळ्याकडे वळताच काका कुजबुजले, “पोरी, मोठ्यांचा मान राख गं.”

“राखतेच आहे, काका. साहेब समुद्रात बुडाले तर बरं दिसेल का?”

टाळ्या चालू असतानाच तिने पुतळा उचलून अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीत बसवला आणि डबे आणायला निघाली.