टेबलाची पुढची बाजू

कमलने खोक्याचं झाकण काढलं, वरचं जुनं पातळ बाजूला सारलं आणि मानेकाकांना मानेला धरून बाहेर काढलं. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. पांढऱ्या टॉवेलच्या कापडाचा हातभर लांब बगळा तो. चोच कागदाच्या लगद्याची, पिवळी. डोळे जुन्या कोटाच्या बटणांचे.

"अजून तसाच आहे गं!" जयवंत म्हणाले.

"तसाच कुठला? चोच दोनदा रंगवलीय मी," कमल म्हणाली.

जयवंत बोरिवलीहून घाटकोपरला आले होते, आणि वाटेतला निम्मा वेळ साकीनाक्याच्या सिग्नलला कसा गेला हे चपला काढता काढता सांगून मोकळे झाले होते. ऐकायला कमलची मुलगी दर्शना होती. तिने आज बँकेत सुट्टी टाकली होती. संध्याकाळी संग्रहालयाची गाडी येणार होती. जुन्या टीव्हीतल्या वस्तूंचं एक दालन तिथे उघडणार होतं आणि मानेकाका त्यात काचेच्या पेटीत बसणार होते, कायमचे. त्यांना निरोप द्यायला म्हणून जयवंत आले होते.

टीव्ही काळापांढरा होता आणि सबंध चाळीत एखाद्याच घरी असायचा, तेव्हाची गोष्ट. आठवड्यातून एकदा मुलांसाठी त्यांचा कार्यक्रम लागायचा. जयवंतदादा टेबलाशी बसून गोष्ट सांगायचे आणि मानेकाका टेबलामागून मान वर काढून आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. ती मान म्हणजे कमलचा उजवा हात. टेबलाखाली गोणपाटावर गुडघे टेकून, हात सरळ वर धरून ती चिरक्या आवाजात बोलायची.

पहिल्या कार्यक्रमात जयवंतांनी एकदाच खाली पाहिलं होतं, ती तयार आहे ना, एवढंच बघायला. लगेच पोस्टकार्डांचा ढीग आला: टेबलाखाली कोण बसलंय? तेव्हापासून नियम ठरला, खाली बघायचं नाही. जयवंतांनी तो इतका मनावर घेतला की कार्यक्रम संपल्यावरही ते मानेकाकांनाच नमस्कार करून निघून जात. कमलच्या वडिलांनी, धोंडिरामांनी, पोरगी टीव्हीत गेली म्हणून चाळभर सांगितलं होतं. शेजाऱ्यांकडे अगदी पुढे बसून त्यांनी सगळा कार्यक्रम पाहिला आणि ती घरी आल्यावर विचारलं, "तू कुठं व्हतीस गं?"

तेही तिने सोसलं असतं. तिचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. मानेकाका ऐन रंगात आले की हा जयवंतदादा मध्येच तोंड घालायचा. "मानेकाका विचार करतायत," म्हणायचा आणि स्वतःच भलतीच एखादी गोष्ट लावून द्यायचा. मानेकाका बिचारे गप्प. पोरांची पत्रं यायची मानेकाकांना आणि भाव खायचा याने! तेवढ्या वेळात आपण निदान गुडघा तरी बदलून घ्यावा, म्हणून ती घ्यायची. पण त्या तोडलेल्या वाक्यांचा राग तिच्या मनात अजून जसाच्या तसा होता, आणि आज चहाबरोबर चकल्या ठेवतानाही तो आठवला होता.

"आई, एकदा चालवून दाखव ना त्याला," दर्शना म्हणाली. "पेटीत गेला की गेला."

"खांदा कुठे वर जातोय माझा?"

दर्शनाने मग स्वतःच हात घातला. चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"यार, हा तर नुसता मोजा वाटतोय."

कमल हसली. हसता हसता एकदम थांबली.

"मी ह्याला कधी बघितलंच नाही गं."

"म्हणजे काय?"

"पुढून. बोलताना. कार्यक्रम थेट जायचा आणि मी टेबलाखाली. अख्ख्या मुंबईच्या पोरांशी बोलला हा. माझ्याशी नाही बोलला."

"आरशात बघायचं ना."

"आरशात ह्याच्या खाली मीच दिसायचे. मला हा असा समोर बसून बघायचा होता, पोरांना दिसायचा तसा." तिने मानेकाकांची चोच बोटाने पुसली. "जाऊ दे. आता काय, काचेच्या आड."

जयवंतांनी कप खाली ठेवला. उठून दर्शनाच्या हातातून मानेकाकांना घेतलं आणि जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची ओढली.

"कमल, तू इथे बस. माझ्या जागी."

"अहो दादा, काहीतरीच काय! गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना तुमच्या?"

"एकाचं झालंय. दुसरा आहे अजून."

दर्शनाने घाईघाईने उशी टाकली. जयवंत टेबलाची कड धरून, मधेच "आई गं" म्हणत, एका गुडघ्यावर खाली बसले. माणूस पहिल्यापासूनच उंच. टेबलाच्या कडेवरून त्यांचे पांढरे केस दिसतच राहिले.

मग मानेकाका वर आले.

आधी चोच आली. मग एक डोळा आला, तो जरा थांबला, आणि मग दुसरा. मान सावकाश वळली आणि कमलसमोर येऊन स्थिर झाली. बटणांचे डोळे थेट तिच्याकडे बघत होते. कमलचा हात आपोआप पदराकडे गेला.

"मला एक सांगा, कमलताई," मानेकाका म्हणाले. आवाज घोगरा होता, चिरका काही जमत नव्हता. "मासे तुम्हीही खाता, मग ढोंगी एकटा बगळाच कसा?"

प्रश्न तिचाच होता, तिनेच कधीतरी टेबलाखाली बसून विचारलेला. प्रश्न विचारून झाल्यावर चोच किंचित वर उचलायची लकबही तिचीच होती.

"हे सगळं तुम्हाला कसं जमलं?" तिने मानेकाकांनाच विचारलं.

"इतकी वर्षं दुसरं काय बघितलं मी?" हे मात्र जयवंतांच्या आवाजात आलं.

कमलला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. ती उत्तर देणार तोच मानेकाकांची मान थरथरली. डावीकडे जराशी कलली, मग आणखी कलली. चोच मिटली.

"काय झालं?" दर्शनाने विचारलं.

काय झालं ते कमलला ठाऊक होतं. हे कलणं तिने पुढून कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या हाताला ते पाठ होतं. गोणपाटावर डावा गुडघा बधिर व्हायचा, कळ कमरेतून वर चढायची आणि वर धरलेला हात आपल्याला नकळत कलायचा. म्हणजे मान आधी कलायची. पुढे बसलेल्या माणसाला ती दिसायची. "मानेकाका विचार करतायत," हे त्यानंतर यायचं.

आणि आपण इतकी वर्षं समजत होतो, की हा आपलं वाक्य तोडतो. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि जयवंतांबद्दल माया दाटून आली.

टेबलाच्या कडेशी पांढरे केस हलत होते. कमलने तिकडे नजर जाऊ दिली नाही. खुर्चीत ताठ बसून तिने समोर, दर्शनाकडे पाहिलं.

"मानेकाका विचार करतायत," ती म्हणाली. "तोवर मी तुम्हाला एक गोष्ट सांगते."

खाली उशी सरकल्याचा आवाज आला. कमलने गोष्ट मुद्दाम लांबवली.