बासष्ट-बासष्ट

कँटीनच्या भिंतीवर दोन तक्ते शेजारी शेजारी लावलेले होते. डावीकडचा फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा: चार-चार संघांचे गट, कोण किती सामने खेळला, कोणाचे किती गुण. उजवीकडचा माणसांचा. त्यातही चार-चारांचे गटच होते, फक्त देशांच्या जागी धुलाईघरातल्या घडीवाल्यांची नावं होती. दोन्ही तक्ते एकाच हातानं लिहिलेले होते, कारण अख्ख्या धुलाईघरात दुसऱ्याला वाचता येईल असं अक्षर एकीचंच होतं. म्हणून तिला सगळे अक्षरवाली म्हणत. आधी तिला या नावाचा अभिमान वाटायचा. उजवीकडचा तक्ता लिहायला लागल्यापासून वाटेनासा झाला.

ही अक्कल नव्या साहेबांची. तीन इस्पितळांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या आणि पहिल्यांदा जायच्या त्या घाण खोलीत. तिथे मळक्या चादरींच्या ढकलगाड्या उलट्या करायच्या, रक्ताचं एकीकडे, पू आणि ओकारीचं दुसरीकडे असे ढीग लावायचे, चादरीत गुंडाळून आलेले बोळे, सुया, एकदा तर कोणाची तरी कवळी, चिमट्यानं उचलायची आणि वर ब्लीचिंगची पूड मारायची. तो वास अंगाला असा चिकटतो, की अक्षरवालीची लेकसुद्धा म्हणायची, "आई, तू आधी आंघोळ कर, मग माझ्याजवळ ये." पण पूर्वी तिथे पाळी होती. आठवडा काढला की सुटका. घडीवरच्या जुन्या मावशीला दमा, म्हणून तिची पाळी बाकीचे वाटून घ्यायचे आणि त्याचं कोणी कोणाला ऐकवायचं नाही.

साहेब आले आणि म्हणाले, "पाळीबिळी बंद. स्पर्धेशिवाय माणूस हलत नाही." त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची, खरीखुरी पितळी. प्रत्येक गटातल्या दोघादोघांनी शुक्रवारी सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत घड्या घालायच्या. दहा चादरींचा एक गठ्ठा. ज्याचे गठ्ठे जास्त, त्याला तीन गुण. सारखे झाले, तर दोघांना एकेक. तीन शुक्रवार संपले, की गटातले वरचे दोघं घडीवर राहणार आणि खालचे दोघं वर्षभर घाण खोलीत. दोघांचे गुण सारखे झाले, तर तीन आठवड्यांचे एकूण गठ्ठे मोजायचे. हे सांगताना साहेबांचा चेहरा असा खुलला होता, जणू त्यांनी सगळ्यांना सहलीला न्यायचं ठरवलं होतं. माणूस शिकून इतकाही वाया जाऊ नये.

अक्षरवालीच्या गटात मावशी होती, लंबू होता आणि गप्पू होता. गप्पू नावाप्रमाणे बोलायचा जास्त आणि घड्या घालायचा कमी. लंबूचे हात लांब, चादर एका झटक्यात सरळ. आणि मावशी? मावशीनं तर अक्षरवालीला घडी शिकवली होती. पहिल्याच दिवशी तिनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. "एक, घाणीच्या गाडीला बोट जरी लागलं तरी कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच धुतलेल्या चादरीला शिवायचं. न धुता शिवलीस, तर ती चादर परत धुवायला. त्या चादरीवर कोणाची तरी आई झोपणार असते. दुसरं, घडी अशी घाल की घालणाऱ्याला लाज वाटू नये." मावशीची स्वतःची एक खोड होती. शेवटच्या घडीला ती उजवा कोपरा अंगठ्यानं आत मुडपायची. कोणी सांगितलं नव्हतं, गरज नव्हती, पण तिच्या गठ्ठ्यावरून हात फिरवला की डोळे मिटूनही कळायचं.

पहिल्या शुक्रवारी अक्षरवालीनं मावशीला एका गठ्ठ्यानं हरवलं. शेवटच्या तासात मावशीला धाप लागली होती, नाहीतर ते व्हायचं नव्हतं. दुसऱ्या शुक्रवारी लेकीच्या तापानं रात्रभर जागलेल्या अक्षरवालीची गप्पूशीसुद्धा बरोबरी झाली. मावशी आणि लंबू तेव्हा साठ-साठवर सुटले. आता तक्त्यात अक्षरवालीचे चार, लंबूचे चार, मावशीचा एक, गप्पूचा एक. शेवटच्या शुक्रवारी अक्षरवाली विरुद्ध लंबू आणि मावशी विरुद्ध गप्पू. म्हणजे अक्षरवाली आणि लंबू सारखे सुटले, तर पाच-पाच गुणांनी दोघंही पार, मग मावशीनं आभाळ पेललं तरी उपयोग नाही. दोघांतला एक हरला आणि मावशी जिंकली, तर हरलेल्याचे चार आणि मावशीचे चार. आणि एकूण गठ्ठ्यांत मावशीला कोण गाठणार?

लंबूनं हा हिशेब गुरुवारीच केला होता. तो शुक्रवारी सकाळी चादरीचं एक टोक धरल्यासारखं करत तिच्याजवळ आला.

"कशाला मरायचं दोघांनी? मी एक ठेवला की तू एक ठेव. संपलं."

"आणि मावशी?"

"तिची दोनच वर्षं राहिलीत. तुझी वीस आहेत." मग तो हळूच म्हणाला, "तुझी पोरगी लहान आहे ना?"

तिनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पण लंबूनं गठ्ठा ठेवला, की थोड्या वेळानं तिचाही पडायचा, आणि ती पुढे गेलीच तर पाणी प्यायला जायची. सकाळभरात ती इतकं पाणी प्यायली, की पोट डचमळायला लागलं. पलीकडच्या टेबलावर मावशी तोंडानं श्वास घेत राबत होती. गप्पू केव्हाच मागे पडला होता, तरी तिचा हात थांबत नव्हता. एकूण गठ्ठेही लागतील हे तिला ठाऊक होतं. कसं कोण जाणे, तिला अजून वाटत होतं की हा खेळ खरा आहे.

साडेबारा वाजायला आले. एकोणसाठ-एकोणसाठ. अक्षरवाली पाणी पिऊन परत आली, तर तिच्या फळीवर साठ गठ्ठे होते.

तिनं दोनदा मोजले. मग वरच्या गठ्ठ्यावरून हात फिरवला. उजवा कोपरा आत मुडपलेला होता.

तिनं वळून पाहिलं. मावशी खाली मान घालून घड्या घालत होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. पोरीचा हात आज चालत नाही, सारखी पाण्याला पळतेय, बरं नसेल, असं मावशीला वाटलं असणार. म्हणून तिनं आपल्यातला एक गठ्ठा गुपचूप इकडे आणून ठेवला होता. जिला स्वतःला एकेक गठ्ठा सोन्यासारखा होता, तिनं.

लंबूनं घसा खाकरला. नजरेनंच विचारलं, हे काय?

दारात घाणीची गाडी उभी होती, इस्पितळातून नुकतीच आलेली. वर एक चादर होती आणि तिच्यावर वाळत चाललेलं काहीतरी पिवळं. साहेब टोकाला उभे राहून कोणाचे तरी गठ्ठे मोजत होते. अक्षरवालीनं मावशीचा गठ्ठा छातीशी धरला, दारापर्यंत गेली, पिवळी चादर उचलली, गठ्ठा खाली खोचला आणि चादर वर ओढली. बोटांना ओलं लागलं. नळ पार दुसऱ्या टोकाला, साहेबांच्या पाठीमागे. ती तशीच फिरली, बोटं पोशाखाला पुसली आणि पुढची चादर ओढली.

त्यानंतर तिनं तीन गठ्ठे घातले. लंबूनंही तीन. शिट्टी वाजली. बासष्ट-बासष्ट. मावशीचे चौसष्ट, गप्पूचे छप्पन्न.

"वा!" साहेब म्हणाले. "काय चुरस! याला म्हणतात सामना!"

तिनं डबा उचलला आणि कँटीनकडे वळली.

कँटीनमध्ये टीव्हीवर सामन्याचा उत्तरार्ध चालू होता. योगायोग म्हणावा की थट्टा, तिथेही तेच. पिवळे आणि निळे एक-एक. सारखे सुटले, की दोघंही पुढच्या फेरीत. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर हिरवे, एवढ्याशा देशाचे, जीव तोडून खेळत होते. पडद्याच्या तळाशी त्यांचा आकडा सरकत होता: तीन-शून्य. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की या दोघांतल्या कोणीतरी जिंकावं.

आणि हे दोघं जिंकायचा प्रयत्नच करत नव्हते. पिवळ्यांचा बचावपटू गोलरक्षकाला चेंडू द्यायचा, गोलरक्षक परत त्याला. निळे दूर उभे राहून बघायचे. एकानं तर खाली बसून बुटाची नाडी बांधली, सावकाश.

"थू तुमच्या!" गप्पू उभा राहिला. तो स्वतः घाण खोलीत चालला होता, तरी त्याला हिरव्यांचं दुःख जास्त. "जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा रे! दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे दोघांच्या गोडीत तिसऱ्याचा गळा!"

"हलकट लेकाचे," लंबू म्हणाला. मनापासून म्हणाला आणि डब्यातला घास तोंडात घातला.

अक्षरवालीनं त्याच्याकडे पाहिलं. याला कळत कसं नाही? की कळतं, आणि तरी घास खाली उतरतो? तिनंही हातात घास धरला होता. मग तिला ती बोटं दिसली. याच बोटांनी गाडीतली पिवळी चादर उचलली होती. याच बोटांनी नंतर तीस चादरींच्या घड्या घातल्या होत्या, आणि त्या चादरी आता बांधून इस्पितळात जायला तयार होत्या. तिनं घास डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"खा की," शेजारी बसलेली मावशी म्हणाली. "सकाळपासून तुझं काहीतरी बिनसलंय." तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "त्या हिरव्यांच्या पोरांना अजून माहीतच नाही बघ. ती आपली पळतायत." ती उठली. "चल, मी जाते. दोनपासून आम्हाला तिकडे बोलावलंय. गाड्या साचल्या असतील. दारातली तर साडेबारापासून उभीच आहे."

मावशी गेली. टीव्हीवर चेंडू परत मागे गेला. अक्षरवालीच्या एकदम लक्षात आलं. दारातली गाडी. सगळ्यात आधी तीच उलटी होणार.

ती धावली. पण घाण खोली काही दूर नव्हती आणि मावशीला कामाची कधीच टंगळमंगळ नव्हती. दार ढकललं तेव्हा ब्लीचिंगचा भपका नाकात शिरला. मावशी मास्क लावून उभी होती, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. गाडी रिकामी झाली होती. पिवळी चादर ढिगात पडली होती. आणि मावशीच्या हातमोज्यांमध्ये दहा चादरींचा गठ्ठा होता, अजून दोरीनं बांधलेला. एका बाजूनं तो डाग पिऊन ओला झाला होता. मावशीचा अंगठा मुडपलेल्या कोपऱ्यावर थांबला होता.

तिचाच गठ्ठा तिला कोणी सांगायला हवा होता का?

"मावशी, लंबू म्हणाला..." अक्षरवालीनं सुरुवात केली. ते शब्द तोंडातून बाहेर पडताच तिला स्वतःचीच शिसारी आली, आणि ती थांबली.

मावशीनं गठ्ठ्याची दोरी सोडली. एकेक चादर उलगडून ढिगात टाकली. दहाच्या दहा. मग मास्क खाली केला आणि फक्त एवढंच विचारलं:

"हात धुतलेस का नंतर?"

अक्षरवालीनं मान हलवली. नाही.

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं, तर बरं झालं असतं. एखादी डागाळलेली चादर प्रकाशात धरून, हा डाग जाणारा आहे की राहणारा, ते बघावं तसं पाहिलं. मग तिनं मास्क वर ओढला आणि दुसऱ्या गाडीकडे वळली.

घाण खोलीतला नळ दाराजवळच होता. अक्षरवालीनं कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावला, परत धुतले, नखांत घासलं. वास गेला नाही. की गेला होता आणि तिलाच येत होता?

ती कँटीनमध्ये परतली तेव्हा सामना संपला होता. पिवळे आणि निळे एकमेकांच्या गळ्यात पडून शर्ट बदलत होते. नंतर पडद्यावर हिरवे दिसले. ते मैदानात बसले होते आणि त्यांचा गोलरक्षक हातमोज्यात तोंड लपवून रडत होता. आता सगळं कँटीन शिव्या घालत होतं. साहेबसुद्धा. "याला काय खेळ म्हणायचा?" ते तावातावानं म्हणत होते. "नियमात बसतं म्हणून काय झालं? किळस येते!" मग तिला पाहून त्यांनी खडू पुढे केला. "ये, दोन्ही तक्ते पुरे करून टाक."

तिनं डावीकडचा आधी लिहिला. पिवळे पाच, निळे पाच, हिरवे चार. सुंदर अक्षरात. तिथे तिला काही बदलता येण्यासारखं नव्हतं.

उजवीकडे साहेबांनी स्वतःच घाईघाईनं बासष्ट-बासष्ट लिहून ठेवलं होतं. तिनं पोशाखाच्या बाहीनं आपला आकडा पुसला. त्या जागी एकोणसाठ लिहिलं. लंबूच्या चाराचे सात केले, स्वतःचे चार तसेच ठेवले आणि मावशीच्या एकाचे चार केले. शेवटी एकूण गठ्ठ्यांची बेरीज केली: मावशी एकशे चौऱ्याऐंशी, आपण एकशे पंच्याहत्तर. आपलं नाव पुसून तिसऱ्या ओळीत घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"अगं, हे काय?" साहेब म्हणाले. "मी स्वतः मोजलेत. बासष्ट होते."

लंबूचा हात डब्यातच राहिला.

"तीन गठ्ठे सोडून परत धुवायला पाठवा," ती म्हणाली. "मी घाणीच्या गाडीत हात घातला होता, आणि न धुता ते घातले. गाडीत हात कशाला घातला, तेही सांगते. आधी मावशीला त्या खोलीतून बाहेर बोलवा."