आकाशच्या कर्जाचे फोन

पहिला फोन आला तेव्हा अभय वाळूजच्या कारखान्यात मशीनवर उभा होता. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "आकाश तुमचे मित्र ना? हप्ते थकलेत त्यांचे. जरा समजवा त्यांना."

अभयनं हो म्हटलं. आयटीआयपासूनची दोस्ती, एका डब्यात जेवलेले दोघं. पण आकाशचा फोन काही लागेना, आणि तो गोड आवाज लवकरच बदलला. "दोस्त पैसे बुडवून पळतो आणि तू त्याला लपवतो?" पहाटे उठायच्या आधी फोन, जेवायला बसलं की फोन. मग एक दिवस फोन थेट कारखान्याच्या ऑफिसात गेला. सुपरवायझरनं चारचौघांत विचारलं, "काय रे, कर्ज बुडवलं म्हणं तू?" अभयनं खुलासा केला, पण हसणारे हसलेच. घरी बायको, सोनिया, म्हणाली, "खरं सांग, जामीन म्हणून सही केली का कुठं?"

सही केली नव्हती. कर्ज घेताना आकाशनं ओळखीचा माणूस म्हणून त्याचा नंबर दिला होता, एवढंच.

त्या संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर अभयनं गाडी सरळ मुकुंदवाडीला घातली. आकाशला काय काय सुनावायचं हे त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण आकाशच्या दारात आधीच दोघं उभे होते. करुणा, आकाशची बायको, चौकट धरून उभी होती आणि शेजारच्या बाया ओट्यावरून बघत होत्या.

"नवरा नसंल तर तू चल ऑफिसात," त्यातला एक मोठ्यानं म्हणाला. "घेताना गोड लागले ना पैसे?"

आवाज अभयनं ओळखला. तो पुढं झाला. "ओळखपत्र दाखवा."

"तू कोण?"

"तुम्ही रोज ज्याला शिव्या देता, तो अभय. कंपनीनं तुम्हाला पाठवलंय, तर तसं पत्र असंल ना? ते दाखवा."

पत्र निघालं नाही. अभयनं मोबाइल वर धरून चित्रण सुरू केलं, तशा ओट्यावरच्या बायाही जवळ सरकल्या. "पुन्हा येऊ," म्हणत दोघं गाडीवर बसले. ते गेल्यावर अभयनं चित्रण नीट उतरलंय का ते बघून घेतलं.

करुणानं त्याला पाणी दिलं. "पाचोडला हायेत ते, आईकडं. मला न सांगता गेले."

"पगार कुठं जात व्हता त्याचा?"

"पगार कुठला? ठेकेदारानं कवाच काढलं त्यांना. मला हे वसुलीवाल्यांनी सांगितलं. मी रोज डबा भरत व्हते, भाऊजी. रोज. अन् ते डबा घेऊन कुठं बसत व्हते, देव जाणे. त्या कर्जातूनच घर चालू व्हतं." ती रडली नाही. तिचा आवाज मात्र इतका कोरडा झाला होता की अभयला तिच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी अभय आणि करुणा कोर्टातल्या मोफत सल्ला केंद्रात गेली. तिथल्या वकील बाईंनी नीट ऐकून घेतलं. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी नि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नसतो, धमकावायचं नसतं, नातेवाइकांना नि मित्रांना छळायचं नसतं. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. "पण तक्रार केली म्हणून कर्ज माफ होत नाही," बाई म्हणाल्या. "ज्यानं घेतलंय त्याला समोर यावं लागेल."

सुट्टीच्या दिवशी अभय पाचोडला गेला. बाजाराचा दिवस होता, रस्त्यात माणूस मावत नव्हता. आकाशची आई गोजरबाई दारातच भेटली.

"जय भीम, मावशी. आकाश कुठंय?"

"तू पोलीस नाय ना आणले?"

"पोलीस कशाला आणू?"

"फोनमधला माणूस म्हणला, बेड्या घालून नेतो. म्हणून म्या माझा फोनच ज्वारीच्या पिंपात पुरला. तरी मधून मधून घुमतो मुडदा."

आकाश आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, नजर खाली. अभयचं जुळवून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. "माझंच नाव सापडलं तुला? कारखान्यात माझी अब्रू गेली. घरात बायको संशय घेती!"

"तुझाच नंबर पाठ व्हता मला."

"अन् करुणावहिनीला दारात लोकांच्या तोंडी देऊन इथं येऊन बसला तू."

आकाशनं मान वर केली नाही. "मार मला."

"मारून हप्ते फिटत्यात व्हय? हप्ता थकला म्हणून कुणी बेड्या घालत नाय. ऊठ. तोंड धू."

आकाश उठला, पण बराच वेळ बाहेर यायला धजेना. शेवटी गोजरबाईनंच त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला उंबऱ्याबाहेर आणलं.

आठवडाभरानं, सोमवारी, अभय, आकाश आणि करुणा कर्ज कंपनीच्या शाखेत गेली. तिथल्या साहेबांनी आधी टोलवाटोलवी केली, पण अभयच्या मोबाइलमधलं चित्रण बघितल्यावर तक्रार लिहून घेतली आणि शिक्का मारून पोच दिली. मग कर्जाचं बोलणं निघालं. एकरकमी भरलं तर बरीच सूट मिळणार होती, पण कर्जाच्या नोंदीत तसा डाग राहणार आणि पुढं कुठंही कर्ज मागितलं की तो दिसणार. शिवाय एकरकमी आणायचे कुठून? दुसरी वाट म्हणजे हप्ता लहान करून मुदत वाढवायची. व्याज जास्त जाणार होतं. आकाशला गोदामात हमालीचं काम मिळालं होतं, तेवढ्यात लहान हप्ता बसत होता. त्यानं दुसरी वाट धरली.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर अभयला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. "चला, चहा घेऊ," तो म्हणाला.

करुणा जागची हलली नाही. नवऱ्याकडं बघत तिनं विचारलं, "अजून कुणाचं कर्ज हाय?"

"नाय म्हणलं ना."

"माझ्याकडं बघून सांगा."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. आकाशनं एकदा अभयकडं बघितलं, जणू तोच त्याला सोडवणार होता. अभयनं नजर रस्त्याकडं वळवली.

"मोबाइलवरून घेतलंय," आकाश पुटपुटला. "दोन ठिकाणी. पयल्याचे हप्ते भरायला."

करुणा तिथंच पायरीवर बसली. तिनं पदरानं चेहरा पुसला, बराच वेळ पुसत राहिली. मग शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "बसा इथं. सुरुवातीपासून सांगा. काय बी ठेवू नका आता."

आकाश बसला. अभय चहाच्या टपरीवर गेला आणि त्या दोघांचं बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभा राहिला. चहा निवून गेला तरी आकाश बोलतच होता.